पीजीएसचं सेंद्रिय प्रमाणपत्र: घ्यावं का? आमच्या गटाचा अनुभव

"वहिनी, सेंद्रियच्या गटात नाव घालू का?" असे फोन दर उन्हाळ्यात येतात. माहेरच्या गावाहून येतात, नणंदेच्या सासरहून येतात, मागच्या वर्षी तर पुण्यातली नोकरी सोडून आलेल्या एका पोराचाही आला. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातली. तूर, कापूस, सोयाबीन, धुऱ्याकडेला (बांधाकडेला) ज्वारीची दोन-चार तासं, म्हणजे ओळी. गटाच्या वह्या माझ्याकडे, कारण बी.कॉम. झालेली सून म्हणजे गावाच्या हिशोबात बिनपगारी कारकून. सेंद्रिय शेतीसाठीच्या केंद्राच्या परंपरागत कृषी विकास योजनेतून आमचा गट उभा राहिला, आणि त्याच योजनेतून पीजीएस-इंडियाचं (पार्टिसिपेटरी गॅरंटी सिस्टीम, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी घ्यायची पद्धत) प्रमाणपत्र मिळालं. कागदावर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतकऱ्याच्या दारात मात्र दोन्ही एकाच कृषी सहायकाच्या पिशवीतून येतात, म्हणून अभिप्रायही एकत्रच देते.

आधी हे प्रमाणपत्र काय आहे ते. सेंद्रिय माल बाहेरदेशी पाठवायचा तर एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं प्रमाणपत्र लागतं. ते अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेकडून चालतं, त्यात त्रयस्थ संस्थेचा निरीक्षक येतो आणि त्याची फी भरावी लागते. पीजीएस देशातल्या विक्रीपुरतं. त्यात बाहेरचा निरीक्षक नाही. निदान पाच शेतकऱ्यांचा गट हवा, प्रत्येकाने शपथपत्र लिहून द्यायचं आणि गटातल्यांनीच एकमेकांची वावरं तपासायची. तपासणीचे तक्ते प्रादेशिक परिषदेकडे जातात, तिथून मंजुरी आली की गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राच्या पोर्टलवरून प्रमाणपत्र निघतं. ते बारा महिने चालतं, मग पुन्हा तपासणी. रूपांतराच्या काळात, म्हणजे रसायनं सोडल्यापासून वावर सेंद्रिय धरलं जाईपर्यंत, 'पीजीएस-ग्रीन', पूर्ण झाल्यावर 'पीजीएस-ऑर्गॅनिक'. हंगामी पिकांना रूपांतराची दोन वर्षं, संत्र्या-मोसंबीच्या बागेला तीन.

शेजाऱ्याने शेजाऱ्याला तपासायचं म्हटल्यावर शहरातली माणसं हसतात. "म्हणजे तू माझी पाठ खाजव, मी तुझी," असं मला एका ग्राहकबाईंनी तोंडावर ऐकवलं. त्यांना आमचं गाव माहीत नाही. निरीक्षक वर्षातून एकदा गाडीतून उतरतो, फोटो काढतो, चहा घेतो. शेजाऱ्याला मात्र रात्री कोणाच्या बंडीत कोणतं पोतं गेलं तेसुद्धा माहीत असतं.

आमच्या गटात एकदा तपासणीला गेलो तर एका वावराचा धुरा पिवळा पडलेला. गवत वाळलं तर ते वरून, तुकड्यातुकड्याने वाळतं. इथे बुडापासून एकसारखं जळालेलं होतं, एका ओळीत. तणनाशक. वावर माझ्या चुलत दिराचं. तो म्हणाला, "वावरात थेंब नाई टाकला जी, धुऱ्यावरच मारलं. धुरा का पिकाचा हाय?" तासभर वाद झाला. शेवटी ठरलं की धुराही वावरातच धरायचा आणि त्याची रूपांतराची वर्षं पहिल्यापासून मोजायची. तक्ता मी भरला, सही त्याच्या सख्ख्या भावाने केली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या घरातलं कोणी आमच्याकडे आलं नाही, पुढच्या वर्षीही नाही. पीजीएसची खरी फी ही असते आणि ती कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेली नाही. तरी या भागाला मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा गुण कापला तो यासाठी की असा वाद सोडवायला बाहेरचं कोणी जबाबदार माणूस येत नाही, सगळं गटाच्याच डोक्यावर. ज्या गटात एकाच घराण्याची पाच माणसं आहेत तिथे हे कसं चालत असेल ते तुम्हीच बघा.

कागदपत्रं फार नाहीत. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेचं पासबुक, शेताचा हाताने काढलेला नकाशा, पीकवार नोंदवही. नोंदवही मात्र रोजची रोज लिहायला हवी. जीवामृत कधी दिलं, दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क) कधी फवारला, बियाणं कुठून आणलं. आमच्याकडे ही वही बाया लिहितात. अनुदान मात्र सातबारावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात जातं, आमच्या घरी ते सासऱ्यांच्या. जीवामृतासाठी दोनशे लिटरच्या टाकीत दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती घालून ते सकाळ-संध्याकाळ ढवळायला खाते क्रमांक लागत नाही.

आता पैशाचं. योजनेच्या सध्याच्या रचनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी 31,500 रुपये आहेत. त्यातले 15,000 थेट शेतकऱ्याच्या खात्यात, निविष्ठांसाठी, म्हणजे खत-बियाण्यासारख्या सामानासाठी. 9,000 प्रशिक्षणाचे, 4,500 विक्री, पॅकिंग आणि ब्रँडिंगचे, 3,000 प्रमाणीकरण आणि रासायनिक अंश तपासणीचे. एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त दोन हेक्टरपर्यंत. ऐकायला बरं वाटतं. पंधरा हजाराला तीन वर्षांनी भागा, मग अडीच एकराने भागा. एकराला वर्षाला 2,000 रुपये. कपाशीच्या एका निंदणाला सात-आठ बाया लावल्या की संपले. तणनाशक न वापरता निंदण एकदाच होत नाही, पाऊस लागून राहिला तर तिसऱ्यांदाही बाया शोधत फिरावं लागतं. आणि मजुरी ही निविष्ठा धरत नाहीत. शेणखत, गांडूळ खत, निंबोळी यांना पैसे आहेत, पण सेंद्रिय शेतीत सगळ्यात जास्त जे लागतं ते माणसाचं कंबरडं, त्याला या पैशात खाना नाही.

दुसऱ्या बाजूला कृषी केंद्रात 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते. ती तीन वर्षांनी बंद होत नाही, तिला गट लागत नाही, शपथपत्र लागत नाही. केंद्र सरकार रासायनिक खतांवर वर्षाला दीड लाख कोटींच्या वर अनुदान देतं. युरिया बंद करा असं मी म्हणत नाही, आमचा गव्हाचा तुकडा गटाबाहेर आहे आणि तिथे तो पडतो. पण दोन दुकानं एकाच रस्त्यावर उघडायची, एकात माल जवळजवळ फुकट वाटायचा आणि मग विचारायचं की लोक दुसऱ्या दुकानात का जात नाहीत, हे काही खरं नव्हे.

सिक्कीमचं उदाहरण प्रत्येक प्रशिक्षणात देतात. तिथे 2003 मध्ये विधानसभेत ठराव झाला, 2016 च्या जानेवारीत संपूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली, सुमारे 75,000 हेक्टर. मधल्या तेरा वर्षांत रासायनिक खताचं अनुदान काढत आणलं आणि पुढे विक्रीवर कायद्याने बंदी घातली. डोंगराळ राज्य, खताचा वापर मुळातच कमी, त्यामुळे तो साचा कपाशीच्या मुलखाला जसाच्या तसा बसणार नाही. पण प्रशिक्षणात दाखवताना तेरा वर्षांचा आकडा गाळतात आणि आमच्यासमोर तीन वर्षांचं पत्रक ठेवतात.

आणि आता या सगळ्यातला मला सर्वात खटकणारा भाग. जरा लक्ष देऊन वाचा, नाव घालणाऱ्याने हाच विचार आधी करायला हवा.

पहिल्या वर्षी गट बांधणं, नोंदणी, प्रशिक्षण यात अर्धा खरीप जातो. त्यानंतर दोन वर्षं रूपांतर. म्हणजे 'ऑर्गॅनिक' असं लिहिलेलं प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षात हातात पडतं. त्या वर्षीची तूर जानेवारी-फेब्रुवारीत निघते. मार्चअखेर योजना संपते. ज्या दिवशी माल खऱ्या अर्थाने विकण्याजोगा होतो, त्याच दिवशी आधार काढून घेतला जातो. विक्रीसाठीचे ते हेक्टरी 4,500 रुपये माल ग्रीन असतानाच उडून गेलेले असतात. आमच्याकडे आधीच्या काळात सोबतीला एक संस्था दिली होती, तिचं नाव घेत नाही. तिने दुसऱ्याच वर्षी छापील पाऊच आणून टाकले. अर्धा किलोचे, चकचकीत, वर गायीचं चित्र. तेव्हा त्यात भरायला प्रमाणित डाळ नव्हती. डाळ तयार झाली तेव्हा पाऊचवरचा वर्षाचा छाप जुना होता. आता सासूबाई त्यात बी-बियाणं ठेवतात, त्या कामाला मात्र पाऊच फार छान आहेत.

बाजार समितीत सेंद्रियचा वेगळा लिलाव नाही. तुम्ही प्रमाणपत्र दाखवा नाहीतर आरती ओवाळा, तूर त्याच ढिगात पडते. हमीभाव, 2025-26 साठी क्विंटलला 8,000, तोही सेंद्रिय-रासायनिक सगळ्यांना एकच. राहिली थेट विक्री. शेतकऱ्याने स्वतःचा माल ग्राहकाला थेट विकला तर अन्नसुरक्षेच्या नियमांत बरीच मोकळीक आहे, हे चांगलं. पण पीजीएसची साखळी गटापर्यंतच. गटाबाहेरच्या व्यापाऱ्याने डाळ घेतली, त्याच्या गोदामात भरली, त्याच्या पोत्यात बांधली की हमी तुटते. म्हणजे डाळ भरडण्यापासून पॅकिंगपर्यंत सगळं गटानेच आपल्या देखरेखीत करायला हवं. आमच्या गावात डाळमिल नाही. शेजारच्या गावातल्या मिलवर आधी सगळी चक्की साफ करून घ्यायची, मग आमचा घाणा लावायचा, आणि तो संपेपर्यंत एकीने तिथे स्टुलावर बसून राहायचं. मिलवाले काका चांगले आहेत, पण हंगामात त्यांनाही दहा गिऱ्हाइकं असतात.

तरीही आमची पीकेव्ही तारा या तुरीच्या वाणाची डाळ वर्धा आणि नागपूरच्या घरांमध्ये जाते, बाजारापेक्षा किलोमागे तीस-चाळीस रुपये जास्त मिळतात, आणि ज्यांनी एकदा नेली ती घरं सुटत नाहीत. प्रमाणपत्रामुळे नेतात का? पहिल्यांदा हो. पाऊचवरचा क्रमांक मोबाइलवर तपासणारे असतात. दुसऱ्यांदा डाळ शिजायला किती वेळ लागला त्यावरून नेतात.

कपाशीबद्दल वेगळं सांगते, कारण विदर्भात सगळ्यांना आधी तेच विचारायचं असतं. सेंद्रिय कपाशीत बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, चालत नाही. आणि दुकानात बीटीशिवाय काही मागितलं तर दुकानदार आपल्याकडे असं बघतो की जणू आपण चिमणीची वात मागितली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं 'सूरज' आहे, अकोल्याच्या विद्यापीठाचे सरळ (संकरित नसलेले) वाण आहेत, पण पेरणीच्या आठवड्यात हवं तेवढं बियाणं तालुक्याला मिळेल याची खात्री कोणी देत नाही. योजनेने हेक्टरी पैसे देण्यापेक्षा मे महिन्यात ट्रकभर सरळ वाणाचं बियाणं तालुक्याला उतरवलं असतं तर आमच्या गटातली निम्मी कपाशी टिकली असती. त्यात शेजारी चोर बीटी (तणनाशक सोसणारं, बिनपरवाना बियाणं) लावणार आणि वरून तणनाशक फवारणार, वारा इकडचा. धुऱ्याकडच्या तासांचा कापूस आम्ही वेगळा वेचतो आणि साधा म्हणून विकतो. हे गटात सगळे करत नाहीत. करायला पाहिजे.

2024 च्या नोव्हेंबरात केंद्राने नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं, 2,481 कोटींचं. त्यात 10,000 जैव-निविष्ठा केंद्रं आणि 30,000 कृषी सखी, म्हणजे शेतकऱ्यांना मदत करणाऱ्या गावातल्याच बाया, आहेत. सखीची कल्पना मला पटते, वहीचं काम करणाऱ्या बाईला निदान मानधन तरी मिळेल. पण या अभियानाचंही जास्त बोलणं अर्क आणि जीवामृत बनवण्याबद्दल आहे. बनवता आम्हाला येतं. जीवामृत शिकवणारे सुभाष पाळेकर अमरावती जिल्ह्यातलेच. अडतं ते मिलवर, गोदामात आणि बाजार समितीच्या ओट्यावर.

तर घ्यावं का? कोरडवाहू तूर, ज्वारी, हरभरा, जवस असेल, घरी निदान एक गाय-बैलजोडी असेल आणि शहरात माल घेणारी वीस-पंचवीस घरं आधीच ओळखीची असतील, तर जरूर घ्या. फक्त कापूस असेल तर बियाण्याची सोय झाल्याशिवाय नको. निर्यातीचा विचार असेल तर इकडे वेळ घालवू नका, सरळ एनपीओपीचा गट शोधा. नुसत्या अनुदानासाठी येणार असाल तर फोनही करू नका, आमच्या गटात तसे चार जण होते आणि त्यांची वही मी का लिहावी?

सगळं मिळून पाचपैकी तीन. तपासणीची पद्धत साडेचार, कागदपत्रं चार, पैसा अडीच, विक्रीची मदत एक. तोही पाऊच मजबूत होते म्हणून.

नाव घालायचं ठरलं तर पेरणीच्या आधी, मे संपायच्या आत 'आत्मा'च्या (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या) तालुका कार्यालयात जा. रासायनिक खताची शेवटची पावती कधीची आहे ते बघून तीच तारीख खरी सांगा, मागची लावून सांगितली तरी शेजाऱ्याला माहीत असते. आणि जाताना ज्याच्या नावाने सातबारा आहे त्याला सोबत न्या. मला पहिल्यांदा परत पाठवलं होतं.