आर्च आणि डेबियन १३, सात महिने शेजारीशेजारी: काय मोडतं, कधी आणि का

एकाच बनावटीचे दोन जुने लॅपटॉप: आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० कार्ड. एकावर आर्च, दुसऱ्यावर डेबियन १३, म्हणजे लिनक्सची दोन वेगळ्या धाटणीची वितरणं. डेस्कटॉप दोन्हींवर केडीई प्लाझ्मा. सप्टेंबर २०२५ पासूनचा हा हिशोब आहे.

रोलिंग (आर्चसारखं, सतत थोडंथोडं नवं होत राहणारं) म्हणजे अस्थिर आणि पॉइंट रिलीज (डेबियनसारखं, काही काळाने एकदम नवी आवृत्ती देणारं) म्हणजे जुनाट, असं सरसकट म्हटलं जातं. निम्मा घोळ शब्दाचाच आहे. डेबियनच्या 'स्टेबल' या मुख्य शाखेच्या नावाचा अर्थ 'कधीच क्रॅश न होणारं' असा नसून 'न बदलणारं' असा आहे. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये कर्नल (प्रणालीचा गाभा) ६.१२ आणि प्लाझ्मा ६.३ आहे, आणि ते तसंच राहणार. सुरक्षेची ठिगळं येतात, आवृत्ती हलत नाही. त्यामुळे चालणारी गोष्ट चालत राहते आणि प्लाझ्मा ६.३ मधला बारीकसारीक दोष ६.४ मध्ये दुरुस्त झाला असला तरी तुमच्याकडे मुक्कामाला राहतो. आर्चवर उलट: दोष लवकर जातो, त्याच्या जागी कधीकधी नवा येतो. निस्तरणं दोन्हीकडे आहेच. ते कोणत्या दिवशी निस्तरायचं हे डेबियनवर तुम्ही ठरवता, आर्चवर दुसरं कोणीतरी.

याचा सगळ्यात चांगला नमुना डिसेंबर २०२५ मध्ये मिळाला. एनव्हिडियाच्या ५९० ड्रायव्हरने पास्कल पिढीच्या आणि त्याआधीच्या कार्डांना, म्हणजे जीटीएक्स १०५०, १०६० वगैरेंना, निरोप दिला. आर्चने नेहमीप्रमाणे नवी आवृत्ती घेतली आणि मुख्य पॅकेजं खुल्या (ओपन सोर्स) कर्नल मॉड्यूलवर, म्हणजे कर्नलला गरजेप्रमाणे जोडल्या जाणाऱ्या तुकड्यावर, नेली. ट्युरिंग (पास्कलनंतरची पिढी) किंवा त्यापुढचं कार्ड असेल तर अदलाबदल आपोआप होते. पास्कलवाल्याने सूचना न वाचता अपडेट केलं तर ड्रायव्हर लोडच होत नाही आणि ग्राफिकल लॉगिनऐवजी काळा पडदा समोर येण्याची पाळी. उपाय असा: आधीची एनव्हिडिया पॅकेजं काढायची, एयूआर या वापरकर्त्यांनी चालवलेल्या पॅकेज-भांडारातून 'एनव्हिडिया-५८०एक्सएक्स-डीकेएमएस' आणि त्याच मालिकेतलं 'युटिल्स' पॅकेज बांधून घ्यायचं. जितकी कर्नलं बसवली आहेत तितक्यांचे हेडर पॅकेज हवेतच, नाहीतर डीकेएमएस (प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारं साधन) त्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधत नाही. काम अर्ध्या तासाचं आहे, पण ते कधी करायचं हे आपल्याला कोणी विचारत नाही. शेजारच्या डेबियनवर ५५० मालिकेचा ड्रायव्हर आहे, त्याच कार्डावर, आणि तिथे त्या महिन्यात काहीही घडलं नाही.

आर्चची दिनचर्या आठवड्यातून एकदा पुरते. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, पॅकमन या आर्चच्या पॅकेज-साधनाच्या पर्यायातलं पहिलं अक्षर टाइप करताना कॅपिटल.) आधी आर्चच्या मुख्य पानावरच्या बातम्या वाचायच्या. 'चेकअपडेट्स' चालवून काय येणार आहे ते बघायचं. मग 'पॅकमन -एसवाययू'. नुसतं 'पॅकमन -एसवाय' करून एखादं पॅकेज बसवू नका. त्याने यादी नवी होते आणि बाकीची प्रणाली जुनीच राहते. नवं पॅकेज नव्या लायब्ररीवर (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडवर) बांधलेलं असतं, ती तुमच्याकडे नसते. मग कधी ते एकटं पडतं, कधी ती लायब्ररी सोबत ओढून आणतं आणि तिच्या जुन्या आवृत्तीवर उभी असलेली दहा पॅकेजं पाडतं. 'आर्च आपोआप मोडलं' अशा तक्रारींच्या मुळाशी पुष्कळदा हीच आज्ञा असते.

महिना-दोन महिने अपडेट केलं नसेल तर सह्यांच्या किल्ल्या जुन्या होऊन पॅकेजं नाकारली जाऊ शकतात. अशा वेळी फक्त 'आर्चलिनक्स-कीरिंग' आधी घ्यायचं आणि लगेच पाठोपाठ 'पॅकमन -एसयू'. वरच्या नियमाला एवढा एकच अपवाद, आणि तोही दोन आज्ञांमध्ये चहाला न उठता.

अपडेटनंतर 'पॅकडिफ' चालवायचं. तुम्ही हात लावलेल्या कॉन्फिग फाइलवर पॅकमन नवी फाइल थापत नाही, बाजूला '.पॅकन्यू' ठेवून देतो. त्या साचत गेल्या की सहा महिन्यांनी कोणती सेवा का रुसली याचा पत्ता लागत नाही.

कर्नल बदललं असेल तर रीस्टार्ट करा, नंतर करू म्हणू नका. आर्च जुन्या कर्नलची मॉड्यूलं पुसून टाकतो. चालू कर्नल मेमरीत असतं, पण आधी लोड न झालेलं मॉड्यूल त्याला आता सापडत नाही. लक्षण ओळखीचं आहे: पेन ड्राइव्ह लावला तर उघडत नाही, व्हीपीएन जोडत नाही, बाकी सगळं ठीक. 'कर्नल-मॉड्यूल्स-हुक' हे पॅकेज बसवलं तर रीस्टार्टपर्यंत जुनी मॉड्यूलं शाबूत राहतात. याचाच थोरला भाऊ म्हणजे बूट विभाजन (कर्नलची फाइल राहते तो डिस्कचा भाग) माउंट, म्हणजे जोडलेलं, नसताना झालेलं अपडेट. कर्नलची नवी फाइल रिकाम्या फोल्डरात जाते, बूटलोडर जुनंच कर्नल उचलतो आणि त्याची मॉड्यूलं तर गेलेली असतात. मग लाइव्ह यूएसबी, दोन्ही विभाजनं माउंट, 'आर्च-क्रूट' (बसवलेल्या प्रणालीत शिरणं) आणि कर्नलचं पॅकेज पुन्हा बसवणं.

जोडीला 'लिनक्स-एलटीएस' (दीर्घकाळ आधार असलेलं) कर्नल ठेवावंच. डीकेएमएसचा जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधला गेला नाही, तर बूटच्या यादीतून एलटीएस निवडून काम चालू राहतं. एखादं पॅकेज मागे न्यायचं असेल तर पॅकमनच्या कॅशमध्ये जुनी फाइल असते, 'पॅकमन -यू' ने बसते. ही कॅश आपोआप साफ होत नाही. 'पॅककॅश -आर' प्रत्येक पॅकेजच्या शेवटच्या ३ आवृत्त्या ठेवून बाकीच्या उडवतं. त्याचा टायमर पहिल्या दिवशीच चालू करा.

डेव्हलपर मंडळींना दोन ठिकाणी ठेच लागते. पायथॉनची आवृत्ती ३.१२ वरून ३.१३ सारखी सरकली की जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रत्येक प्रकल्पाचे वेगळे पायथॉन कप्पे) निकामी होतात आणि एयूआरची पायथॉन पॅकेजं पुन्हा बांधावी लागतात. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसची मोठी आवृत्ती बदलली की सर्व्हर जुनी डेटा डिरेक्टरी उघडायला साफ नकार देतो. त्याला कॉन्फिगमध्ये 'इग्नोरपीकेजी'च्या ओळीत टाकून सवडीने 'पीजी_अपग्रेड' करणं शहाणपणाचं. नाहीतर कंटेनरमध्येच ठेवा.

डेटाचं गणित इथे महत्त्वाचं आहे. प्लाझ्मा, लिबरऑफिस, दोन ब्राउझर आणि दोन कर्नल एवढ्यावर आठवड्याचं अपडेट साधारण ६०० एमबी ते दीड जीबी निघतं. फोनच्या हॉटस्पॉटवर रोजच्या दीड-दोन जीबीत भागवणाऱ्याचा तो दिवस त्यातच जातो. डेबियनवर बहुतेक आठवडे ब्राउझर आणि किरकोळ दुरुस्त्या इतकंच येतं.

मग डेबियनची बाजू निर्धोक का? नाही, तिथे लोक स्वतःहून खड्डा खणतात. एखादं नवं ॲप हवं म्हणून अनस्टेबल या डेबियनच्या सतत बदलणाऱ्या शाखेची रिपॉझिटरी (पॅकेजांचं भांडार) जोडायची, ते ॲप नवी ग्लिबसी (जवळपास सगळ्या प्रोग्रॅमच्या पायाची लायब्ररी) ओढून आणणार, आणि मग ना धड स्टेबल ना धड रोलिंग. ॲप नवं हवं असेल तर फ्लॅटपॅक, म्हणजे प्रणालीपासून वेगळं बांधलेलं ॲप. कर्नल नवं हवं असेल तर 'ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स' (ट्रिक्सी हे १३ चं नाव, बॅकपोर्ट्स म्हणजे तिच्यासाठी बांधलेली नवी पॅकेजं) जोडून 'एपीटी इन्स्टॉल -टी ट्रिक्सी-बॅकपोर्ट्स लिनक्स-इमेज-एएमडी६४'. गेल्या वर्षभरात बाजारात आलेलं हार्डवेअर असेल तर मात्र बॅकपोर्ट्सवर विसंबण्यापेक्षा आर्च किंवा फेडोरा हे तिसरं वितरण सरळ पडतं. फेडोरा तर मधला मार्गच आहे: सुमारे ६ महिन्यांनी आवृत्ती, प्रत्येकीला जवळपास १३ महिने आधार, आणि कर्नल मात्र मधल्या काळातही पुढे सरकत राहतं.

डेबियनचं एकरकमी बिल दोन-अडीच वर्षांनी येतं. १२ वरून १३ वर जाताना आधी बाहेरच्या सगळ्या रिपॉझिटरी बंद कराव्यात, मग स्रोतांच्या यादीत बुकवर्मच्या (१२ चं नाव) जागी ट्रिक्सी. लगेच 'फुल-अपग्रेड' नको. आधी 'एपीटी अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस', नंतर 'फुल-अपग्रेड'. वेगळं बूट विभाजन असेल तर त्यात ३०० एमबी तरी मोकळे हवेत, जुन्या इन्स्टॉलेशनवर ते नसतात आणि अपग्रेड मध्येच अडकतं. शिवाय १३ मध्ये 'टेम्प' फोल्डर रॅममध्ये असतं, निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकतं. तिथे मोठ्या व्हिडिओ फाइल टाकायची सवय असेल तर ती सोडा.

नवं म्हणजे जास्त सुरक्षित, या समजाला मार्च २०२४ मध्ये तडा गेला. फाइल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा सापडला, तो ओपनसुसेचं रोलिंग टम्बलवीड, आर्च आणि डेबियनच्या अनस्टेबलपर्यंत पोचला होता. डेबियन स्टेबलमध्ये जुनी आवृत्ती असल्याने ते वाचलं. चोरदरवाजाची वाट एसएसएच (दूरून लॉगिन करण्याच्या) सर्व्हरमधून होती, आणि आर्चचा तो सर्व्हर एक्सझेडच्या लायब्ररीला जोडलेला नव्हता म्हणून तिथे तो मार्ग लागू पडला नाही, हेही खरं.

या जीटीएक्स १०५० वाल्या जोडीपुरतं बोलायचं तर दुसऱ्या लॅपटॉपवरही आता डेबियनच जाणार. १३ ला ऑगस्ट २०२८ पर्यंत पूर्ण आधार आहे, त्यानंतर जून २०३० पर्यंत एलटीएसचा. तोवर या कार्डाचे पंखे टिकले तरी पुष्कळ.