एसआरडी ५.१: फुकट आहे, पण अटी वाचा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका वठवण्याच्या टेबलटॉप खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर स्वतःचं साहस लिहून विकायचंय? मग एसआरडी (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट), म्हणजे खेळाच्या मूळ नियमांची ही पीडीएफ हवीच. जानेवारी 2023 मध्ये इतरांना हे नियम वापरू देणारा जुना ओजीएल (ओपन गेम लायसन्स) परवाना बदलण्यावरून रान पेटलं, तेव्हा खेळाची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने ही पीडीएफ सीसी-बाय 4.0 (श्रेय दिलं की कुणालाही वापरता येईल असा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) खाली खुली केली. हा परवाना मागे घेता येत नाही, रॉयल्टीही नाही. श्रेयाचा ठरलेला मजकूर मात्र जसाच्या तसा छापायचा.

पीडीएफमधला माल तुटपुंजा: प्रत्येक क्लासला (पात्राचा पेशा) एकच सबक्लास (त्या पेशाची शाखा), फीट (पात्राचं खास कौशल्य) एकच (ग्रॅपलर), बॅकग्राउंडही (पात्राची पूर्वपीठिका) एकच. नवखे हमखास फसतात ते इथे: मूळ पुस्तकातला सबक्लास उचलतात, तो यात नसतोच. मुखपृष्ठावर ‘फाइव्ह-ई कम्पॅटिबल’ (पाचव्या आवृत्तीशी जुळणारं) चालतं. डी अँड डीचा लोगो नाही.