अ‍ॅलर्जीच्या भीतीने माझे ताट रिकामे केले

माझे सासर खानापूर तालुक्यातील एका खेड्यात आहे. गेल्या पावसाळ्यात, मुलगी अडीच महिन्यांची असताना, तिच्या गालांवर लाल, कोरडे चट्टे उठले. तिच्या वडिलांना लहानपणी दमा होता, त्यामुळे मी मुळातच धास्तावलेली होते. त्याच सुमारास बेळगाव शहरातील एका आहार सल्ला केंद्राचे मराठी पत्रक हाती आले. आमच्याकडे दवाखान्यातले बहुतेक फलक आणि कागद कन्नडमध्ये असतात, म्हणून आरोग्याविषयी कोणी आपल्या भाषेत निवांतपणे समजावून सांगू लागले की मन पटकन विश्वास ठेवते. माझेही तसेच झाले.

केंद्रात माझ्या बोटातून रक्ताचे थेंब कागदावर घेतले आणि त्याचे 4,500 रुपये घेतले. दहा दिवसांनी आलेल्या अहवालात तेवीस पदार्थ लाल रंगात छापलेले होते: दूध, तूप, अंडी, शेंगदाणे, गहू, तूरडाळ, ओले खोबरे, तीळ, अळीवसुद्धा. हे सारे माझ्या दुधातून बाळाला बाधते, आताच सोडले तर पुढे तिला अ‍ॅलर्जी आणि दमा होणार नाही, असे तेथील बाईंनी ठामपणे सांगितले. ताटातून जे गेले त्याची भरपाई म्हणून 2,800 रुपयांना एक, असे भुकटीचे तीन डबे आम्ही पुढील अडीच महिन्यांत घेतले.

‘‘दूध, शेंगा, डिंक सगळंच सोडलंस तर अंगावर पाजणार कशाच्या जोरावर?’’ असे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले होते. मी त्यांच्यासमोर अहवाल ठेवला. कर्नाटकात 2017 पासून मातृपूर्ण योजनेखाली अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा मातांना दुपारचे गरम जेवण मिळते, त्यात दूध, अंडे आणि शेंगदाण्याची चिक्की असते. आमच्या अंगणवाडीताई बोलवत राहिल्या आणि मी तेच जेवण विष समजून नाकारत राहिले, याचे मला आजही फार वाईट वाटते.

चट्टे मध्येच कमी झाले तेव्हा केंद्राने श्रेय भुकटीला दिले आणि ते पुन्हा वाढले तेव्हा मी चोरून काही खाल्ले का, असे मलाच विचारले. तोवर माझे वजन सात किलोंनी घटले होते आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. अखेर बेळगावातील एका बालरोगतज्ज्ञांकडे मुलीला नेले. त्यांनी अहवाल वाचला आणि रोज घरात काय शिजते, एवढेच विचारले. मी सांगत गेले तसे माझ्याच लक्षात आले की लाल यादी म्हणजे आमचे स्वयंपाकघर होते. त्या चाचणीत आयजीजी नावाची प्रतिपिंडे, म्हणजे बाहेरून आलेल्या पदार्थांविरुद्ध शरीर बनवते ती प्रथिने, मोजली होती, आणि ती नेहमीच्या खाण्यातल्या पदार्थांविरुद्ध निरोगी माणसाच्या रक्तातही आढळतात. त्यांवरून अ‍ॅलर्जी ठरत नाही, शिवाय रक्त माझे होते, बाळाचे नव्हे.

या फसवणुकीत अर्धसत्य होते, म्हणून ती ओळखणे अवघड गेले. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांच्या आयांनी शेंगदाणे टाळावेत, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली खरोखरच दिला होता. परंतु असे पथ्य पाळल्याने अ‍ॅलर्जी टळते याला पुरेसा पुरावा नाही, हे मान्य करून 2008 साली तिने आपली भूमिका बदलली. पुढे 2015 साली लंडनमधील अभ्यासाचे निष्कर्ष आले. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली 4 ते 11 महिन्यांची 640 बाळे त्यात होती, आणि ज्यांना पाच वर्षांची होईपर्यंत नियमित शेंगदाणे दिले त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे वर्षानुवर्षे दूर ठेवण्यातच तोटा होता. अर्थात अख्खा दाणा बाळाच्या घशात अडकू शकतो, म्हणून वाटून पातळ केलेलाच द्यायचा, आणि इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचे.

आईच्या खाण्याचा काहीच संबंध नसतो, असेही नाही. काही बाळांना आईने घेतलेल्या गाईच्या दुधातील प्रथिनांचा त्रास होतो, शौचातून रक्त पडते. तेव्हा डॉक्टर आईचे दुग्धजन्य पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून, पुन्हा सुरू करून पाहतात आणि तिच्या कॅल्शियमची सोय करतात. एका संशयित पदार्थाची ती मुदतबंद तपासणी असते. पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे 600 किलोकॅलरी जास्त लागत असताना तेवीस पदार्थ बेमुदत तोडणे ही तपासणी नव्हे. माझ्या मुलीला साधे इसब होते. अंघोळीनंतर लगेच लावायचे मलम आणि थोडे औषध यांनी ते आटोक्यात आले.

एकूण 12,900 रुपये गेले. केंद्राने पक्की पावती कधीच दिली नव्हती, भुकटीच्या डब्यावर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही नव्हता, आणि हे दोन्ही मी पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते. सुदैवाने फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील त्यांची आश्वासने शिल्लक होती. त्यांच्या आधारे मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा ज्यांच्याकडे असे अहवाल आणि डबे आहेत त्यांनी ते रागाने फेकून देऊ नयेत. केंद्राचा फोन आता लागत नाही, पण त्यांचे तेच मराठी पत्रक गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या गावातील एका बाळंतिणीच्या घरी मी पाहिले.