गाड्या घड्याळावर सोडाव्यात की अंतरावर?

छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) सिडको बसस्थानक ते बजाजनगर या मार्गावर एका कंत्राटदाराच्या आठ शटल गाड्या मी चार वर्षं सांभाळल्या. पहिली दोन वर्षं वेळापत्रकावर आणि नंतरची दोन अंतरावर, म्हणजे पुढच्या-मागच्या गाडीतला मिनिटांचा गॅप पाहून. लातूर-नांदेडकडच्या ओळखीच्यांसमोर आता हाच प्रश्न आहे, म्हणून माझा अनुभव मांडतो.

वेळापत्रकाची बाजू कमकुवत नाही. पहाटेच्या शिफ्टचा माणूस घड्याळ पाहूनच घराबाहेर पडतो. गाडी पाऊण तासाला एक असेल, तर अंतर राखून त्याला काय उपयोग? चालकाची ड्यूटी कधी सुटणार, हेही कागदावर आधी कळतं. लंडनमध्ये तासाला पाच किंवा जास्त गाड्या असलेल्या मार्गांवर प्रवाशाला जादा किती थांबावं लागलं ते मोजतात, आणि विरळ मार्गांवर गाडी वेळेवर आली का ते. आमची गाडी दर १५ मिनिटांनी, म्हणजे तासाला चार. त्या रेषेच्या थोडं अलीकडेच. तरीही मी अंतराकडे वळलो, ते नगर नाक्यावर जे दिसायचं त्यामुळे.

गुरुवारी छावणीचा बाजार. पहिली गाडी तिथे अडकली की पुढच्या थांब्यावर माणसं साचतात, ती चढायला वेळ लागतो, गाडी आणखी लेट होते. मागच्या गाडीला माणसंच उरत नाहीत, म्हणून ती पळत येते आणि पुढच्या गाडीला खेटते. न्यूवेल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ मध्ये हे गणितात मांडलं होतं. मी ते डोळ्यांनी पाहत होतो: पहिल्या गाडीच्या दारात लोक लटकलेले, आणि तिच्या पाठोपाठ दुसरी निम्मी रिकामी. संध्याकाळी शीट पाहिली की दुसऱ्या गाडीपुढे ‘वेळेवर’ लिहिलेलं! कागदाप्रमाणे तिची काहीच चूक नव्हती, त्यामुळे तिला थांबवायचं कुणाच्याच मनात आलं नाही. थांब्यावर पंचवीस मिनिटं उभ्या राहिलेल्या बाईला त्या ‘वेळेवर’चा अर्थ मी काय सांगणार होतो? ही गोष्ट मला फार लागली.

हिशोब साधा आहे. १५-१५ मिनिटांनी गाड्या आल्या तर माणूस सरासरी साडेसात मिनिटं थांबतो. त्याच गाड्या ५ आणि २५ मिनिटांच्या अंतराने आल्या तर जवळपास ११ मिनिटं. गाड्या तेवढ्याच, डिझेलही तेवढंच.

अंतराची पद्धत आम्ही अगदी साधी ठेवली. चालकांचं लाइव्ह लोकेशन फोनवर, आणि थांबवायचं ते फक्त दोन्ही टोकांना. मागची गाडी जवळ आली असेल तर ही लगेच सोडायची, लांब असेल तर जरा धरून ठेवायची. बार्थोल्डी आणि आयझेनस्टाइन या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेली पद्धत साधारण अशीच आहे, हे मला नंतर वाचायला मिळालं. आधी आम्ही क्रांती चौकात, मध्येच गाडी धरून पाहिली होती. ‘कामून थांबवली?’ म्हणत लोक पत्रा वाजवायला लागले, आणि त्यांचं बरोबरच होतं.

फरक सर्वांत जास्त जाणवला तो गाडी बंद पडल्यावर. वेळापत्रकात तिच्या जागी सरळ ३० मिनिटांचं भगदाड पडायचं. अंतरावर उरलेल्या सात गाड्या पसरून घेतल्या की सगळीकडे साधारण १७ मिनिटं. आषाढी एकादशीला आमच्या मार्गावरच्या, वाळूजच्या पंढरपुरात दिंड्यांची गर्दी उसळते, त्या दिवशी छापील वेळ बघण्यात काही अर्थच नसतो. गॅप मात्र बऱ्यापैकी राखता येतो.

चालकांना हे पटायला वेळ लागला. ‘साहेब, माझा टाइम झाला, सोडा ना,’ हे रोजचं. शेवटची फेरी लांबून ड्यूटीही कधी कधी वाढायची, आणि त्याचं पूर्ण उत्तर मला सापडलं नाही. म्हणून पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन फेऱ्या आम्ही घड्याळावरच ठेवल्या. तुमच्याकडे गाड्या अर्ध्या तासाहून विरळ असतील तर सगळंच घड्याळावर ठेवलेलं बरं. वीस मिनिटांच्या आत असतील तर मी तरी अंतरच धरेन.

फक्त फेरीत सूट, म्हणजे थोडा जादा वेळ, आधी काढून ठेवा. आमची फेरी १ तास ४६ मिनिटांत व्हायची, ती आम्ही २ तासांची धरली. ती १४ मिनिटं नसती तर टोकाला गाडी धरायला वेळच उरला नसता, आणि चालकाला चहाही मिळाला नसता.