बॅकलिंक विकत घ्यावी, शेकडो मेल टाकावेत की एकेकाला पत्र लिहावे?

मालवणात चार खोल्यांचा होमस्टे चालवणारा माणूस हौसेने वेबसाइट काढतो, फोटो टाकतो, दर लिहितो. वर्ष उलटते तरी गुगलवर वर दिसतात त्या मोठ्या बुकिंग कंपन्याच. मग कुणीतरी सांगते, ‘तुमच्या साइटला बॅकलिंक नाहीत’, म्हणजे दुसऱ्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंक नाहीत. ते बहुधा खरेच असते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मांडलेल्या पेजरँक या पानांचा क्रम लावण्याच्या पद्धतीचा पायाच हा होता, की तुमच्या पानाला दुसरी किती पाने जोडलेली आहेत आणि त्या पानांचे स्वतःचे वजन किती. आज गुगल इतर अनेक गोष्टी पाहते, तरी लिंकचे महत्त्व संपलेले नाही.

या लिंक मिळवायच्या वाटा साधारण तीन. एजन्सीकडून पॅकेज घेणे, सॉफ्टवेअरने पत्ते गोळा करून शेकडो जणांना एकच मेल पाठवणे, किंवा नेमकी माणसे शोधून प्रत्येकाला त्याच्यापुरते पत्र लिहिणे. शेवटी हाती लिंकच येणार असे वाटते, म्हणून लोक किंमत पाहून निवडतात आणि तिथेच फसतात. माझे मत आधीच सांगतो. लहान व्यवसायाला तिसरी वाटच परवडते. मात्र तिला एक अट आहे, आणि ती पुरी होत नसेल तर तिन्हींपैकी एकाही वाटेवर पैसे किंवा वेळ घालवू नये.

पॅकेज घेतले तर

‘महिन्याला शंभर बॅकलिंक, सगळ्या डीए तीसच्या वर’ अशा जाहिराती तुमच्याही इनबॉक्समध्ये येत असतील. डीए म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, साइटच्या वजनाचा अंदाज देणारा आकडा. पैसे भरले की लिंक येतात, यात शंका नाही. त्या कुठे लागल्या ते एकदा उघडून पाहा. कुणीच वाचत नाही अशा डिरेक्टऱ्या, अनोळखी ब्लॉगांखालच्या प्रतिक्रिया, मुदत संपलेली डोमेन (साइटचे नोंदवलेले पत्ते) उचलून उभ्या केलेल्या साइट. एकाच पानावर तुमचा होमस्टे, खाली झटपट कर्ज, त्याखाली ऑनलाइन जुगार. आणि ज्या डीएच्या जोरावर हे विकले जाते तो मॉझ या कंपनीने स्वतः काढलेला आकडा आहे, डीआर हा तसाच एचरेफ्स या कंपनीचा. गुगल दोन्हींपैकी एकही वापरत नाही, आणि दोन्ही फुगवता येतात.

‘मोठ्या कंपन्याही हेच करतात’ असे विकणारा सांगतो. काहींनी केलेही. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकानसाखळीचे प्रकरण बाहेर काढले. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत कितीतरी शोधांत ही कंपनी पहिल्या क्रमांकावर होती, आणि त्यामागे कशाशी काही संबंध नसलेल्या साइटवर पेरलेल्या हजारो लिंक होत्या. गुगलने कारवाई केली आणि क्रमांक कोसळले. आपल्याला कल्पना नव्हती असे कंपनीने सांगितले, साइट शोधात वर आणण्याचे काम करणाऱ्या (एसईओ) एजन्सीला काढूनही टाकले. शिक्षा मात्र साइटनेच भोगली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधली फुले पोचवणारी इंटरफ्लोरा ही कंपनी तिच्या स्वतःच्या नावाने शोधले तरी सापडेना. स्थानिक वृत्तपत्रांच्या साइटवर पैसे देऊन छापलेल्या लेखांतल्या लिंक तिला भोवल्या, तेही तिथला मातृदिन तोंडावर असताना. कंपनी दोनेक आठवड्यांच्या आत परत आली. अशा वेळी माणसे कामाला लावून लिंक एकेक करून काढून घेणे मोठ्या कंपनीला जमते. चार खोल्यांच्या मालकाला ऐन मे महिन्यात ते कसे जमावे?

अर्थात चित्र तेव्हापासून बदलले आहे. एप्रिल २०१२ मध्ये गुगलने आणलेला पेंग्विन नावाचा बदल खोट्या लिंकवर वाढलेल्या साइट खाली ढकलत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये तो गुगलच्या मुख्य यंत्रणेत सामावला गेला, आणि तेव्हापासून अशा लिंक बहुतेक वेळा नुसत्या हिशेबातून वगळल्या जातात. डिसेंबर २०२२ पासून स्पॅमब्रेन ही यंत्रणा लिंक विकत घेणाऱ्या साइटही ओळखते आणि विकण्यासाठीच चालवलेल्या साइटही. त्यामुळे आज पॅकेज घेणाऱ्याचे बहुधा फक्त पैसे बुडतात. पण प्रकरण फारच उघड असेल तर गुगलचा माणूस हाताने कारवाई करू शकतो, आणि तशी नोटीस सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या सेवेत येते.

पैसे देऊन छापून आणलेली गेस्ट पोस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरचा आपला लेख, ही याच पॅकेजची नीटनेटकी आवृत्ती. गुगलच्या स्पॅमविरोधी पथकाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी जानेवारी २०१४ मध्येच लिंकसाठी गेस्ट पोस्ट लिहिणे थांबवा असे जाहीरपणे लिहिले होते. खऱ्या वाचकांच्या साइटवर, त्या वाचकांसाठी, तुमच्या नावाने लिहिलेला लेख ही गोष्ट वेगळी. ती जरूर करावी.

घाऊक मेल टाकले तर

ही वाट स्वस्त वाटते, कारण तिची किंमत दुसऱ्या खिशातून जाते. नावाच्या जागी नाव आपोआप भरणारा मेल पाचशे जणांना गेला, त्यातल्या काहींनी तो स्पॅम म्हणून दाबला, की डोमेनची पत घसरते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना मेल खरोखर त्याच डोमेनवरून आला हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही खुणा सक्तीच्या झाल्या, एका क्लिकवर नाव काढून घेण्याची सोय द्यावी लागते आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. तुम्ही पाच हजार पाठवणार नाही, हे मान्य. पण होमस्टेच्या बुकिंगची खात्री ज्या पत्त्यावरून जाते त्याच डोमेनवरून असे मेल गेले, तर उद्या पाहुण्याला पाठवलेली पावतीच स्पॅममध्ये पडेल. हा धोका मला लिंक न मिळण्यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

शिवाय मराठीत किल्ल्यांवर, कोकणावर, खाद्यसंस्कृतीवर मनापासून लिहिणाऱ्यांचे जग लहान आहे. ते एकमेकांना ओळखतात. तोच मेल तिघांना गेला, तर तिघांनाही कळते.

एकेकाला लिहायचे तर

आधी ती अट. तुमच्याकडे दाखवण्याजोगे एक पान हवे. ‘आमच्याबद्दल’ किंवा ‘खोल्या व दर’ या पानाला कुणी का लिंक द्यावी? त्याच्या वाचकाला त्याचा काय उपयोग?

मालवणचेच उदाहरण घेऊ. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्यातले विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन एकाच जिल्ह्यात आहेत. आता बारा किल्ल्यांची यादी घेऊन फिरणारा माणूस बंगळूरहून येईल, लंडनहूनही येईल. त्याला हवी असलेली माहिती स्थानिकालाच ठाऊक असते. सिंधुदुर्गाला होडीने जावे लागते आणि पावसाळ्यात त्या बंद असतात. त्या नेमक्या कधी थांबल्या आणि कधी सुरू झाल्या? कुडाळ स्टेशनावर उतरून मालवणला कसे यायचे? जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागलेल्या गोव्यातल्या मोपा विमानतळाहून गाडी कुठे मिळते? विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग दोन दिवसांत नीट बघायचे तर मुक्काम कुठे पडतो? हे सगळे एका पानावर, तारखेसह आणि दर हंगामात तपासून लिहिले, तर लिंक मागायला तुमच्याकडे खरे कारण आहे. असे पान बुकिंग कंपन्यांकडे सहसा नसते.

मग माणसे शोधायची. सिंधुदुर्गावर लिहिणारे ट्रेकर, पुण्या-मुंबईच्या गिर्यारोहण संस्था, मालवणातलेच स्कूबा शिकवणारे, गोव्याच्या प्रवासावर इंग्रजीत लिहिणारे, डिसेंबरात मुलांना घेऊन गावी येणाऱ्या परदेशस्थ मराठी कुटुंबांची मंडळे. प्रत्येक साइटवर जाऊन पाहा. ताजे काही लिहिले जाते का, खाली माणसे बोलतात का, तुमचे पान ज्या परिच्छेदात बसेल असा परिच्छेद तिथे आहे का. तो सापडत नसेल तर ते नाव सोडा. यादी वीस-पंचवीस नावांवर थांबली तरी चालेल. तुटलेल्या लिंककडे विशेष लक्ष द्या. जुन्या मराठी ब्लॉगांवर उघडतच नाहीत अशा लिंक पुष्कळ असतात. तिथे पूर्वी काय होते ते वेबॅक मशीन या जुनी पाने साठवणाऱ्या साइटवर पाहता येते, आणि तुमचे पान त्या जागी बसते की नाही ते कळते.

पत्र साधारण असे असावे:

‘नमस्कार सर, सिंधुदुर्गावरचा तुमचा लेख वाचला. तटावरून कोणत्या क्रमाने फिरावे हे तुम्ही लिहिले आहे, ते आमच्याकडच्या पाहुण्यांना फार उपयोगी पडते. लेखाच्या शेवटी होड्यांच्या वेळांची लिंक दिली आहे, ती आता उघडत नाही. आम्ही मालवणातच राहतो. कोणत्या महिन्यात होड्या चालतात, शेवटची फेरी साधारण कधी आणि समुद्र खवळला तर चौकशी कुठे करायची, हे एका पानावर लिहून ठेवले आहे. वाचकांच्या कामाचे वाटले तर जरूर द्या. नाही दिलेत तरी हरकत नाही, पण तुटलेली लिंक तेवढी काढावी, लोक आम्हाला फोन करून विचारतात.’

यातले दुसरे वाक्यच सांगते की लेख खरोखर वाचला आहे. ते वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नाही, आणि वैयक्तिक पत्राची माझ्या लेखी हीच कसोटी. लिंक कोणत्या शब्दांवर द्यायची हे मात्र सुचवू नका. ‘मालवणमधील सर्वोत्तम होमस्टे’ अशा शब्दांवर लिंक मागितली की वाचणाऱ्याला पत्रामागचा हेतू दिसतो, आणि एकाच शब्दांच्या लिंक जागोजागी दिसल्या तर गुगललाही. मराठीत लिहिणाऱ्याला मराठीतच लिहा. उत्तर आले नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग थांबा. कुठून तरी नंबर मिळवून व्हॉट्सअ‍ॅपवर गाठू नका.

एका मोहापासून खास जपावे लागते, कारण होमस्टेवाल्याला तो सहज पडतो. ‘दोन रात्री राहायला या, आमच्याबद्दल लिहा आणि लिंक द्या.’ लिंकच्या बदल्यात वस्तू किंवा सेवा देणे गुगलच्या नियमांत लिंक विकत घेण्यातच मोडते. अशा लिंकवर स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलोची खूण हवी, म्हणजे ही लिंक शिफारस म्हणून मोजू नये असे पानाच्या कोडमधून गुगलला सांगायचे. शिवाय असा फुकट मुक्काम वाचकांना सांगावा लागतो, तसे भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पाहुणा म्हणून जरूर बोलवा, पण लिंकची अट घालू नका आणि हे सगळे उघड असू द्या.

नोफॉलो म्हटले की अनेक जण नाक मुरडतात. ही खूण २००५ मध्ये प्रतिक्रियांतला स्पॅम रोखायला आली, आणि २०१९ मध्ये गुगलने सांगितले की यापुढे तिच्याकडे आज्ञा म्हणून नाही तर इशारा म्हणून पाहू. गुगलचा विचार बाजूला ठेवला तरी, ज्या ब्लॉगवरून माणसे खरोखर मालवणला येतात तिथली नोफॉलो लिंक मी कुणी न वाचणाऱ्या साइटवरच्या दहा साध्या लिंकपेक्षा मोलाची मानतो. ती वाचून कुणी फोन केला, तर लिंकचे काम तिथेच झाले.

या वाटेचे तोटेही सांगायला हवेत. ती हळू आहे. बहुतेक पत्रांना उत्तर येत नाही, ज्यांना येते त्यातली काही ‘छान आहे’ म्हणून थांबतात. एक पत्र नीट लिहायचे तर आधी लेख वाचावा लागतो, त्याला वेळ जातो. आणि ‘होमस्टे मालवण’ या शोधात तुम्ही बुकिंग कंपन्यांच्या वर जाल अशी आशा धरू नका. तुम्ही वर याल ते ‘सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या कधी सुरू होतात’ अशा शोधांत. तिथून आलेला माणूस मुक्कामाची जागा शोधतच असतो.

स्वतः करावे की कुणाकडून करून घ्यावे

शक्य असेल तर स्वतः. मालवणात राहणाऱ्याच्या पत्राला जे वजन आहे ते एजन्सीच्या पत्राला येत नाही. वेळच नसेल तर पत्ते शोधणे आणि तुटलेल्या लिंक तपासणे हे काम दुसऱ्याला द्या, पत्र मात्र तुमच्या नावाने आणि तुमच्या डोळ्यांखालून जाऊ द्या. एजन्सी नेमायचीच असेल तर तीन गोष्टी आधी विचारा: मागच्या ग्राहकांसाठी मिळवलेल्या लिंकची पाने दाखवाल का, कुणाला काय लिहिले ते पाठवण्याआधी दाखवाल का, आणि कुठे पैसे दिले जाणार आहेत का. ‘आमची खासगी यादी आहे’ असे उत्तर आले तर व्यवहार करू नका. दरमहा ठरावीक संख्येची हमी देणाऱ्याशीही नको. दुसऱ्याच्या संपादकीय निर्णयाची हमी प्रामाणिक माणूस देऊ शकत नाही, त्यामुळे संख्येची हमी आली की लिंक विकत घेतल्या जाणार हे समजावे.

तुमच्याकडे ते एक उपयोगी पान नसेल, तर या वर्षी फक्त ते पान करा आणि लिंकचा विषय बाजूला ठेवा. पान असेल, तर पावसाळा हा पत्रे लिहायचा काळ. खोल्या रिकाम्या असतात, ट्रेकर मंडळी दिवाळीनंतरच्या भटकंतीचे बेत आखत असतात, आणि लागलेली लिंक गुगलच्या नजरेत यायला मधले महिने मिळतात. सुरुवात सर्च कन्सोल उघडून करा. ते फुकट आहे आणि त्यात ‘लिंक्स’ हा अहवाल असतो. न मागताच तुम्हाला ज्यांनी लिंक दिली आहे अशी दोन-तीन नावे तिथे बहुधा सापडतील. पहिले पत्र त्यांना, आभाराचे.