नऊ महिने, पाच शिपाई आणि बेळगावचा पावसाळा

गेल्या दिवाळीत पुतण्याच्या किल्ल्यासाठी खडेबाजारात चित्रं घ्यायला गेलो होतो. मातीचे मावळे, सगळे एकाच साच्यातले, मिशा ब्रशच्या एकाच फटकाऱ्यात ओढलेल्या. घरी येऊन मोबाइलवर सहज शोधत बसलो आणि आठवड्याभरात १/३५ मापाच्या प्लास्टिक शिपायांचं किट दारात. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश पायदळ, पाच जण, उभा माणूस साधारण पाच सेंटिमीटरचा. सोबत आठ ॲक्रिलिक रंगांचा संच आणि तीन ब्रश. आता ऑगस्ट चाललाय. चार शिपाई कपाटात उभे आहेत, पाचव्याची गोष्ट पुढे येईलच.

मी उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्न शॉपला. साच्यांसाठीचे नमुने तिथं बनतात. भाग ज्या चौकटीला लागून येतात तिला स्प्रू म्हणतात हे वाचून हसूच आलं. आमच्याकडे वितळलेलं लोखंड ज्या वाटेनं साच्यात उतरतं तो स्प्रू, आडवा जातो तो रनर. म्हणजे ड्युटी सुटल्यावर परत ड्युटीच. साच्याचे दोन अर्धे जिथं भेटतात तिथं पार्टिंग लाइन उमटणार, हे मान्य. नुसती रेघ असेल तर ब्लेडच्या पाठीनं खरवडायची, वरून ६०० नंबरचा पॉलिश पेपर, झालं. पण या किटात दोन शिपायांचे पाय चक्क सरकलेले, साच्याचा एक अर्धा भाग केसभर पुढं. असा माल आमच्याकडं इन्स्पेक्शनलाच परत जातो. पुटी भरून घासण्यात माझे दोन रविवार गेले. चेहरे मात्र सुरेख, डोळ्यांच्या खोबणीपर्यंत काम आहे. रायफल आणि हात वेगवेगळे येतात, त्यामुळं गोंद लावण्याआधी कोरडंच जुळवून बघा. माझ्या पहिल्या शिपायाची रायफल हवेत आहे, हात जवळपास कुठंतरी आहे.

गोंद खोक्यात नसतो, हे खोक्यावर अगदी बारीक अक्षरात. मी घरातला झटपट चिकटणारा गोंद वापरला. सांध्याभोवती पांढुरकी झाक धरली आणि माझ्या अंगठ्याचा ठसा शिपायाच्या पाठीवर कायमचा राहिला. प्लास्टिक सिमेंटच घ्या. ते चिकटवत नाही, पॉलिस्टायरीन जरासं विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतं, वेल्डिंगसारखं. मऊ, वाकणाऱ्या प्लास्टिकच्या फिगरवर मात्र त्याचा उपयोग नाही.

रंगांबद्दल तक्रार एकच, पण मोठी. ‘फ्लेश’ म्हणून जी बाटली आहे ती गुलाबी. कंपनीच्या डोक्यात माणूस म्हटला की गोराच, त्याला काय करणार! आणि मला तर मराठा पलटणीचा शिपाई करायचा होता. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आमच्याच गावात, सकाळी कॅम्पातून जाताना पळणारे रंगरूट लहानपणापासून बघतोय. पलटणीचा इतिहास १७६८ पर्यंत मागं जातो. दुसऱ्या महायुद्धात इटलीत तिच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ च्या लढाईसाठी, मरणोत्तर, आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी. किटातले कपडे जाड लोकरीचे, जुलैत ते शोभणार नाहीत, म्हणून जाधव. ते पलटणीतल्या एका कंपनीचे, म्हणजे तुकडीचे, रनर होते (आमच्यातला रनर नव्हे, निरोप पोचवणारा). दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांमधून मागं आणलं, मग मशीनगनच्या ठाण्यांवर परत चाल केली. हाताला गोळी लागून टॉमीगन (हातात धरायची छोटी मशीनगन) चालवता येईना, तेव्हा ती टाकून बॉम्ब फेकत राहिले, आणि शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना देत बाकीच्यांना बोलावलं.

त्यामुळं एका शिपायाची रायफल काढली, मनगट कापून हात वर वळवला. कातडीचा रंग पिवळा गेरू, तपकिरी आणि चिमूटभर लाल मिसळून चौथ्या खेपेला जमला. दंडावर त्यांच्या आठव्या भारतीय डिव्हिजनची खूण, म्हणजे क्लोव्हर नावाच्या रोपाची तीन पिवळी पानं काढली. तीन ठिपके आहेत, पण मी पानं म्हणतो. आई बघून म्हणाली, “ह्यो आपल्यातला दिसतोय, बाकीचे आजारी हाईत काय?”

आणि मग जुलै. इथला पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांनी ओळखलंच असेल. पाच दिवस सूर्य नाही, भिंतींना ओल, आणि मी उत्साहात मागच्या पडवीत मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला. हवेतली ओल व्हार्निशमध्ये अडकली. सकाळी बघतो तर जाधवसाहेब पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. दिवसभर कारखान्यात लक्ष लागलं नाही. उपाय असा की ब्रशनं ग्लॉस व्हार्निशचा पातळ हात द्यायचा. बराचसा पांढुरका थर गेला, हेल्मेटच्या कडेखाली थोडा राहिलाय. परत मॅट मारायला कोरडा दिवस पाहिजे, म्हणून तो अजून टेबलावरच चमकतोय.

ब्रशांविषयी थोडक्यात. सिंथेटिक टोकं दोन महिन्यांत हुकासारखी वाकली, आता त्यांनी फक्त रंग ढवळतो. रंग मात्र उत्तम, पाण्यानं पातळ करून दोन-तीन हात दिले की झाकतात आणि अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. मे महिन्यात ते पॅलेटवर दहा मिनिटांत सुकायचे, म्हणून जुन्या डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर टाकून पॅलेट केलं. पावसाळ्यात त्याची गरज नाही, उलट स्पंजला वास येतो.

किटाला पाचपैकी साडेतीन गुण. अर्धा कापला तो पायांसाठी, एक त्या गुलाबी बाटलीसाठी. पुतण्यानं जाधवांना दिवाळीच्या किल्ल्यासाठी आत्ताच मागून ठेवलंय. मातीच्या मावळ्यांशेजारी तो बुटका दिसेल म्हटलं, तर म्हणतो, “काका, बुरुजावर ठेवूया की.”