सरकी तेलाच्या सांडपाण्याला कोणतं मेम्ब्रेन?

धुळ्याला सरकी तेलाची रिफायनरी चालवणाऱ्या भाच्याला सांडपाण्यातलं तेल गाळायला मेम्ब्रेन, म्हणजे अतिबारीक छिद्रांची गाळणी, बसवायची आहे. त्याने विचारलं, "मामा, पीव्हीडीएफ घेऊ की सिरॅमिक?" पीव्हीडीएफ म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. त्याच्या धुवणाच्या पाण्यात साबण उतरतो, त्यामुळे २० मायक्रॉनहून बारीक थेंब वर तरंगतच नाहीत. साध्या तेलटाकीचं तिथे काही चालत नाही.

खरा प्रश्न मेम्ब्रेनवर तेल चिकटण्याचा. पीव्हीडीएफ मुळात पाणी झटकतं आणि तेल धरतं. त्यावर पाणी धरणारा लेप देतात, पण धुऊन धुऊन तो उतरू शकतो. सिरॅमिक ज्यांचं बनतं त्या ॲल्युमिना, झिर्कोनियाला मुळातच पाण्याची ओढ; पाण्याचा थर टिकतो, तेल कमी बसतं. बसतच नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर मानू नका.

धुलाईत तफावत मोठी. सिरॅमिकला गरम कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाणी, चालतं. तीव्र कॉस्टिकने पीव्हीडीएफ ठिसूळ होतं. उलट गरम सिरॅमिकवर एकदम गार पाणी सोडलं तर ते तडकतं. किंमत कैक पट, पण आयुष्यही लांब.

पाणी कोमट, तेल थोडं आणि आधी बुडबुड्यांनी तेल वर आणणारी टाकी असेल, तर पीव्हीडीएफ पुरे. गरम, साबणाचं, वारंवार कॉस्टिक मागणारं पाणी असेल, तर सिरॅमिकच. भाच्याचं पाणी दुसऱ्या प्रकारातलं.